वाचकांचे प्रश्न : परसबागेतला लाल कांदा

गणपती उठले की या सदराकडे कांद्याविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि यंदाही तसेच झाले. बहुतेक पत्रांत खताची, औषधाची किंवा कुंडीच्या आकाराची चौकशी आहे. बियाण्याचे नाव आणि ते कोणत्या महिन्यात पेरले हे मात्र मोजक्याच वाचकांनी कळवले आहे. कांद्याच्या बाबतीत बहुतेक उत्तरे याच दोन गोष्टींत दडलेली असतात, म्हणून ज्या पत्रांतून त्यांचा अंदाज बांधता आला ती पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : जून महिन्यात गच्चीवरच्या चार क्रेटमध्ये कांद्याचे बी टाकले. रोपे जोमदार आली, पात गुडघ्यापर्यंत वाढली; परंतु सप्टेंबर संपत आला तरी मुळाशी कांदा नाही, मान मात्र अंगठ्याएवढी जाड झाली आहे. दोन वेळा गांडूळ खत आणि एकदा युरिया दिला. पाकिटावर ‘एन-2-4-1’ असे नाव आहे. आता कोणते खत द्यावे? – एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आता कोणतेही खत देऊ नये. दोष खतात नाही, पाकिटावरच्या नावात आणि पेरणीच्या महिन्यात आहे.

कांद्याचे रोप कंद केव्हा धरायचा हे दिवसाच्या लांबीवरून आणि तापमानावरून ठरवते. महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते. खरिपाचे बी मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर पडते, रोपांची लावणी जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि कांदा दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो. रांगड्याचे, म्हणजे उशिराच्या खरिपाचे बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात आणि त्याचा कांदा जानेवारीनंतर येतो. रब्बीचे, म्हणजे उन्हाळ कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरून डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत लावणी करतात आणि एप्रिल-मेमध्ये काढणी होते. एन-2-4-1 हा अस्सल रब्बीचा वाण आहे. त्याला कोवळ्या वयात थंडी लागते आणि कंद पोसण्याच्या वेळी मोठा होत जाणारा दिवस व वाढते ऊन लागते. तुम्ही त्याला नेमके उलटे दिलेत, कारण जूनमध्ये पुण्यात सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस तेव्हापासून लहानच होत आला आहे. रोपाने कंद धरण्याचा इशारा मिळण्याची वाट पाहिली आणि तोपर्यंत तुम्ही दिलेले नत्र (नायट्रोजन) पातीत आणि मानेत भरले. युरियाने हा दोष वाढलाच असेल.

जूनच्या पेरणीसाठी बसवंत 780, एन-53 किंवा भीमा सुपर यांसारखे खरिपाचे वाण घ्यायला हवे होते. यांतील बसवंत 780 पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आला आणि एन-53 निफाडचा, म्हणजे दोन्हींचे माहेर नाशिक जिल्ह्यातच आहे. एन-2-4-1 चे उरलेले बी असेल तर ते फेकू नका; ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा पेरा. उभी असलेली पात कापून पीठ पेरून भाजी करावी. तिच्यात काहीही वाईट नाही आणि वाया गेलेल्या हंगामाची तेवढी तरी भरपाई होते.

प्रश्न : मला वर्षभर टिकेल असा गडद लाल, जांभळट छटेचा कांदा घरी पिकवायचा आहे. कोणते बी घ्यावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गडद रंग आणि दीर्घ टिकाऊपणा हे दोन गुण आपल्याकडच्या कांद्यात सहसा एकत्र येत नाहीत. लासलगावच्या बाजारात ‘लाल’ आणि ‘उन्हाळ’ अशी दोन वेगळी नावे चालतात, त्यामागे हेच कारण आहे. तेथे ‘लाल’ म्हणजे खरीप आणि रांगड्याचा कांदा : रंगाने गडद, पाण्याने भरलेला, पातळ पापुद्र्याचा आणि महिना-दीड महिन्यात संपवायचा. ‘उन्हाळ’ म्हणजे रब्बीचा फिकट लाल, विटकरी कांदा. त्याचे पापुद्रे घट्ट असतात आणि नीट सुकवला तर तो 5 ते 6 महिने राहतो. एन-2-4-1, भीमा किरण आणि भीमा शक्ती हे या दुसऱ्या गटातले आहेत. ‘भीमा’ नावाचे वाण राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने दिलेले आहेत. वर्षभर टिकणारा कांदा मात्र घरच्या साठवणीत कोणत्याही वाणाचा मिळणार नाही. कोशिंबिरीच्या रंगासाठी खरिपात चार ओळी आणि साठवणीसाठी रब्बीत मोठा वाफा, अशी वाटणी करावी.

प्रश्न : आमच्या गॅलरीत सकाळी सहा ते साडेबारापर्यंत ऊन असते. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असे तीन क्रेट रिकामे आहेत. त्यांत किती कांदे होतील, बी किती आणावे आणि लावणी कशी करावी, हे सविस्तर सांगावे. – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : सहा तासांचे थेट ऊन ही कांद्याची किमान गरज आहे आणि ती तुमच्याकडे जेमतेम भागते, तेव्हा क्रेट कठड्याच्या सावलीत जाणार नाहीत अशा उंचीवर ठेवावेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो. ऑक्टोबरमध्ये ऊन येते ती जागा जानेवारीत सावलीत गेलेली असू शकते, म्हणून आत्ताच समोरच्या इमारतीचा अंदाज घ्यावा.

दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर धरले तर अशा एका क्रेटमध्ये सहा-सहांच्या तीन ओळी, म्हणजे 18 कांदे बसतात. तीन क्रेटचे 54 कांदे झाले. एकेक कांदा 60 ते 70 ग्रॅमचा झाला तरी सगळे मिळून साडेतीन किलोच्या आसपास भरतील. हा हिशेब आधीच मांडतो, कारण कांद्याचा खर्च वाचेल या आशेने क्रेट भरणाऱ्यांची नंतर निराशा होते. ताज्या, करकरीत कांद्याची आणि मधूनमधून खुडलेल्या पातीची हौस असेल तर मात्र हा उद्योग जरूर करावा.

एक ग्रॅम बियात अडीचशे ते तीनशे दाणे असतात, त्यामुळे सगळे दाणे उगवले नाहीत तरी तुम्हाला एक ग्रॅम पुरून उरेल. पाकीट घेताना वजनापेक्षा त्यावरची तारीख पाहावी. कांद्याचे बी, ज्याला नाशिककडे उळे म्हणतात, भाजीपाल्याच्या बियांत सर्वांत लवकर उगवणशक्ती गमावणाऱ्यांपैकी आहे. साध्या हवेत ठेवलेले बी वर्ष उलटले की भरवशाचे राहत नाही. दुकानदाराने मागच्या वर्षीचे पाकीट अर्ध्या किमतीत दिले तरी ते महागच पडते.

रोपांसाठी एक पसरट ट्रे घ्यावा. माती, चाळलेले जुने शेणखत आणि थोडे कोकोपीट यांचे मिश्रण त्यात भरून बोटाने ओळी ओढाव्यात, दाणे एक सेंटिमीटर खोल टाकून चाळलेल्या खताने झाकावेत आणि झारीने पाणी द्यावे. आठवड्याभरात हिरवा दोरा दुमडलेल्या स्थितीत वर येतो, त्याचे टोक अजून मातीतच अडकलेले असते आणि काळे टरफल त्याला चिकटलेले दिसते. या अवस्थेत ते टोक ओढून मोकळे करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दोरा तुटला की रोप गेले. दाटी झाली आणि माती सतत ओली राहिली तर रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. हा मर रोग आहे. त्यासाठी पेरणीपूर्वी मातीत ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळावी आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे.

रब्बीची रोपे सात-आठ आठवड्यांची, पेन्सिलीहून बारीक आणि तीन-चार पानांची झाली की लावणीला येतात. उपटण्यापूर्वी ट्रेला पाणी द्यावे, पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने छाटावा आणि रोप जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल लावावे. रोप पडेल या भीतीने मुळाबरोबर पांढरी मानही पुरली जाते आणि मग कांदा गोल होण्याऐवजी लांबुळका होतो. लावल्यावर रोपे दोन-तीन दिवस माना टाकतात, त्याने घाबरू नये. पुढे कांदा पोसू लागला की त्याचे खांदे मातीच्या वर दिसतात. त्यांवर माती चढवू नये. कांदा अर्धा उघडाच वाढतो.

क्रेटची माती 20 सेंटिमीटर खोल असली तरी पुरते, कारण कांद्याची मुळे वरच्या थरातच असतात. याच कारणाने तो पाण्याचा ताणही सोसत नाही. खताचे प्रमाण एक चौरस मीटरला सांगतो, तुमचे तीन क्रेट मिळून साधारण अर्ध्याहून थोडे अधिक भरतील : लावणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट 30 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 8 ग्रॅम आणि युरिया 11 ग्रॅम, नंतर तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी युरिया साडेपाच-साडेपाच ग्रॅम. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते, आणि कांद्याचा तिखटपणा व डोळ्यांत येणारे पाणी या दोन्हींचे मूळ गंधकाच्या संयुगांतच आहे. रासायनिक खत नको असेल तर लावणीपूर्वी कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे आणि वरून मूठभर निंबोळी पेंड द्यावी. कोणतेही खत घेतले तरी लावणीला दोन महिने झाल्यावर नत्र पूर्ण थांबवावे, नाहीतर माना जाड राहतात आणि कांदा टिकत नाही.

प्रश्न : पातीवर पांढरट, चंदेरी ओरखडे दिसतात आणि शेंडे वाकडे होऊन वाळतात. घरगुती उपाय म्हणून ताक फवारले, फरक पडला नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही फुलकिड्यांची लक्षणे आहेत. एक रोप घेऊन मधली दोन पाने अलगद फाकवावीत. अगदी आतल्या बेचक्यात रव्याच्या कणापेक्षाही बारीक, फिकट पिवळे किडे पळताना दिसतील. पाने ते खरवडतात आणि झिरपणारा रस शोषतात, त्यामुळे ओरखडे चंदेरी दिसतात. त्यांची वस्ती बेचक्यात असल्यामुळे पातीच्या बाहेरून उडवलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, शिवाय कांद्याच्या पातीवर मेण असते आणि साधे पाणी तिच्यावरून थेंब होऊन ओघळून जाते. ताकाचे तेच झाले असावे.

प्रथम दोन-तीन दिवस सकाळी पाण्याची बारीक पण जोरदार धार वरून थेट बेचक्यात सोडावी. मोजक्या रोपांना एवढ्यानेच पुष्कळ आराम पडतो. नंतर 5 टक्के निंबोळी अर्कात थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. निळे चिकट सापळे लावले तर किडे किती आहेत याचा अंदाज येतो. कोरड्या, उबदार हवेत हा उपद्रव वाढतो, म्हणून फेब्रुवारीपासून दर चार दिवसांनी बेचके तपासावे. पातीवर जांभळट मध्याचे लांबट चट्टेही असतील तर तो जांभळा करपा आहे. अशी पाने काढून बागेबाहेर टाकावीत आणि पाणी पातीवर न देता मातीत द्यावे.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आमच्या रांगडा कांद्याला डेंगळे येतात. ते खुडले तर कांदा पोसतो का? – एक वाचक, निफाड

उत्तर : फारसा पोसत नाही. डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा. तो आला की कांद्याच्या मध्यभागी कठीण दांडी तयार झालेली असते. खुडल्याने वरचे फूल जाते, आतली दांडी राहते आणि असा कांदा लवकर सडतो. तो आधी स्वयंपाकात संपवावा. थंडी येईपर्यंत रोप जितके थोराड झालेले असेल तितके डेंगळे अधिक येतात, म्हणून जुनी, जाड मानेची रोपे लावू नयेत आणि रांगड्याला नेमून दिलेली लावणीची वेळ गाठावी. निफाडची थंडी तुम्हाला वेगळी सांगायला नको.

प्रश्न : भारतातून येताना आईने परसातल्या लाल कांद्याचे बी बरोबर दिले होते. एप्रिलमध्ये वाफ्यात लावले, जूनमध्येच पात पडली आणि गोटीएवढे कांदे निघाले. येथील माती वाईट आहे का? – एक वाचिका, न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : मातीचा यात काहीच दोष नाही. कांद्याच्या प्रत्येक पानाचा तळ म्हणजे त्याचा एक पापुद्रा असतो. आठ-दहा पाने झाल्यावर कंद धरायला सुरुवात झाली तर कांदा भरीव होतो, चार पानांवरच झाली तर त्याची गोटी होते. आपले भारतीय मैदानी वाण लहान दिवसाचे आहेत, म्हणजे दिवस साधारण 10 ते 12 तासांचा असला तरी ते कंद धरू लागतात. न्यू जर्सीत एप्रिलमध्येच दिवस तेरा तासांवर जातो आणि जूनमध्ये पंधरा तासांचा होतो, त्यामुळे तुमच्या इवल्या रोपांना जमिनीत पडताक्षणी पोसण्याचा हुकूम मिळाला. कोथरूडच्या वाचिकेच्या रोपांना थंडीचा आणि मोठ्या होत जाणाऱ्या दिवसाचा इशारा मिळालाच नाही, तुमच्या रोपांना तो फार लवकर मिळाला.

तुमच्या अक्षांशावर मोठ्या दिवसाचे वाण घ्यावेत. जवळच्या कनेटिकट राज्यातील वेदर्सफील्ड या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ‘रेड वेदर्सफील्ड’ हा जुना लाल वाण त्यांपैकी एक आहे. त्याचे बी हिवाळा सरण्यापूर्वीच घरात ट्रेमध्ये पेरून, जमीन कामाला येताच रोपे बाहेर लावावीत. आईने दिलेले बी पातीसाठी वापरता येईल. मात्र पुढच्या वेळी तेही सामानात नेऊ नये; अमेरिकेत बियाणे नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : मागील वर्षी दहा-बारा किलो कांदा छान निघाला, पण जुलैपर्यंत निम्मा सडला. काढणी आणि साठवण कशी करावी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रब्बीच्या निम्म्या रोपांनी माना पाडल्या की काढणीची वेळ झाली असे समजावे. त्यापूर्वी पंधरा दिवस ते तीन आठवडे पाणी तोडावे. अंगणातल्या कांद्याचे पाणी तोडायला मन होत नाही, पात अजून हिरवी दिसते, आणि तेवढ्यापुरते दिलेले एक पाणी पुढे साठवणीत नडते. खरिपाच्या कांद्याची मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याच्या माना आपोआप पडत नाहीत, म्हणून लावणीनंतर शंभर-एकशेदहा दिवसांनी आकार आणि रंग पाहून तो काढावा लागतो.

उपटलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस वाफ्यातच ओळीने असा पसरावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल. कांद्यावर थेट ऊन लागले तर तो भाजतो आणि रंगही उतरतो. नंतर दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी. मान मुळापासून कापली की तेथूनच बुरशी आत शिरते. पुढे दहा-बारा दिवस सावलीत, हवेशीर जागी सुकवून जोड कांदे, जाड मानेचे, डेंगळ्याचे आणि कुदळीचा घाव लागलेले कांदे वेगळे काढावेत. तुमच्या दहा-बारा किलोंत असे दोन किलो सहज निघाले असते आणि उरलेल्यांना त्यांनीच बिघडवले असावे.

कोकणात पावसाळी दमटपणा ही खरी अडचण आहे. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या पाती वळून माळा करतात आणि त्या टांगून ठेवतात. तुमच्या लाल कांद्यालाही ही रीत लावता येईल, फक्त माळ करायची तर पात कापू नये. ते जमले नाही तर जाळीच्या पिशवीत दोन-तीन किलोंपेक्षा जास्त न भरता टांगावे. बटाट्यांशेजारी आणि फ्रिजमध्ये ठेवू नये, फ्रिजमधून बाहेर काढलेल्या कांद्याला लगेच मोड येतात. मी स्वतः एका वर्षी गोणपाटात खरिपाचा कांदा कोंबून माळ्यावर टाकला होता आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा पत्ता घरातल्या सर्वांना वासावरून लागला. सालीवर काळी पूड दिसली तर ती काळ्या बुरशीची असते. आतला कांदा घट्ट असेल तर वरचे पापुद्रे काढून, धुऊन वापरावा आणि मऊ लागला तर टाकून द्यावा.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या मोड आलेल्या कांद्यांपासून नवे कांदे करता येतात, असे ऐकले. मी सहा लावले आहेत. त्यांचे कांदे किती दिवसांत होतील? – एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : त्यांचे कांदे होणार नाहीत, निदान बाजारासारखे तरी नाहीत. कांदा हे दोन टप्प्यांचे पीक आहे. बियापासून कांदा होतो आणि कांद्यापासून फूल व बी होते. तुम्ही लावलेला प्रत्येक कांदा दोन-चार फुटवे काढील, आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांना कापण्याजोगी पात येईल आणि थंडी मिळाली की मधून डेंगळे उभे राहतील. पातीसाठी ही रीत उत्तम आहे.

त्यांतले तीन कांदे बियांसाठी राखून पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर ही त्यांच्या लावणीचीच वेळ आहे. पुढे डेंगळ्याच्या टोकावर पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो आणि त्यावर मधमाश्या दिवसभर असतात, म्हणून त्या दिवसांत कोणतेही कीटकनाशक फवारू नये. आसपास दुसऱ्या वाणाचे डेंगळे असतील तर संकर होतो, तेव्हा रंग आणि आकार आईसारखाच येईल असे धरून चालू नये. चेंडूतल्या थोड्या बोंडांतून काळे दाणे डोकावू लागले की सकाळी दव असताना तो दांड्यासह कापावा. उन्हात कापला तर निम्मे बी हातातूनच सांडते. कागदावर सुकवून, चोळून, पाखडून झाले की कोरड्या काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावावे आणि बरणीवर महिना व साल लिहावे. हे बी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेरून टाकायचे असते. पुढच्या वर्षी ते तसेच काळेभोर दिसेल, पण उगवेलच असे नाही.